कटिंगच्या टेबलावरचं भौतिकशास्त्र

बारावीचा निकाल लागला तेव्हा घरात माझ्या लग्नाची तयारी चालली होती. गुण चांगले होते आणि फिजिक्सचे सगळ्यात चांगले. पण मांडव ठरला होता, त्यामुळे त्या गुणांचं कौतुक पेढ्यांपुरतंच झालं. सासर सोलापुरातच, पूर्व भागात, माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. दोन्ही घरं तेलुगू बोलणारी. पूर्वी मागावर चादरी विणणारी. पुढे माग गेले आणि सासरच्यांनी शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना टाकला. घराच्या पुढच्या खोलीत चार मशिनी आणि मधोमध एक लांबलचक कटिंगचं टेबल. त्या टेबलाच्या एका टोकाला संध्याकाळी मी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची, दहावीपर्यंतच्या.

एका संध्याकाळी नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, आकाश निळं का दिसतं?"

"हवेतले बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात म्हणून."

"पण निळाच का? लाल का नाही?"

"ते पुढं कॉलेजात शिकवतात," मी म्हणाले आणि पुढचा प्रश्न घेतला. पण रात्री जेवताना माझं लक्ष ताटात नव्हतं. कॉलेजात काय शिकवतात हे मला कुठं ठाऊक होतं? मी तिथवर गेलेच नव्हते. तेव्हा मी तेहेतीस वर्षांची होते आणि माझी स्वतःची मुलगी आठवीत होती. ताट उचलायच्या आत मी नवऱ्याला म्हणाले, "मला बीएस्सी करायचंय. फिजिक्स घेऊन."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "सकाळचं कॉलेज असेल. डबे कोण करणार?" मी काही बोलायच्या आत त्यानंच उत्तर दिलं, "मी करीन. पोहे येतात मला."

"रोज पोहे?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आक्षेप एवढाच होता.

प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पुढच्या बाकावरची दोन मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं मॅडम आल्या. मी मागं जाऊन बसल्यावर जो हशा पिकला, त्यात मीही हसून घेतलं. मग खरोखरचे सर आले, फिजिक्सचे. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. म्हणाले, "आधीच सांगून ठेवतो. वर्गात माझा एक तास झाला की घरी तुमचे दोन तास. ज्यांचं गणित कच्चं असेल त्यांचे तीन. बारावीत परीक्षेच्या महिन्यात अभ्यास करून भागलं असेल. इथं नाही भागणार."

बाकी पोरं खिडकीतून बाहेर बघत होती. मी मात्र बोटांवर हिशेब करत बसले. फिजिक्सचे तास, गणिताचे, केमिस्ट्रीचे, त्यात प्रॅक्टिकल. त्यांच्या दुप्पट घरी. शिवाय स्वयंपाक, शिकवण्या, मुलीचा अभ्यास, आणि आमच्याकडे नळाला पाणी काही रोज येत नाही. येतं त्या दिवशी पहाट सगळी पिंपं भरण्यात जाते. सरांच्या हिशेबानं दिवसच पुरत नव्हता.

पण कामाला मी घाबरत नव्हते. मी वेळ काढायला लागले. भाकरी थापताना ओट्यावर पुस्तक उभं करून वाचायची. शर्टांना बटणं लावताना कानात मोबाईलवरचं लेक्चर. शिकवणी संपली की पुन्हा पुस्तक, तांबड्या-निळ्या पेनानं ओळींखाली रेघा. मेकॅनिक्सचं पुस्तक मी परीक्षेपर्यंत तीनदा वाचून काढलं. सोडवलेली उदाहरणं वाचताना मान आपोआप हलायची; हो, बरोबर, समजलं. सगळंच समजत होतं. सरांनी सांगितल्यापेक्षा जास्तच तास भरत असतील माझे.

आणि मेकॅनिक्सच्याच पेपरात मी नापास झाले.

प्रश्न काही फार वेगळा नव्हता. उतारावरून गडगडत येणाऱ्या वस्तूचा. पुस्तकात भरीव नळकांडं होतं, ते मला पाठ होतं. पेपरात पोकळ गोळा आला. मी भरीव नळकांड्याची सगळी सिद्धता सुंदर अक्षरात लिहिली आणि शेवटच्या ओळीपाशी थांबले, कारण आता पुढं काय बदलायचं आणि कुठं बदलायचं ते मला कळेना. तासभर मी त्या पानाकडे बघत होते. बाकीचे प्रश्नही असेच, ओळखीचे चेहरे आणि अनोळखी बोलणं.

निकाल मोबाईलवर आला. बाकी सगळे विषय सुटले होते, मेकॅनिक्सला एटीकेटी, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचा. मुलगी शेजारी उभी होती. तिनं वाचलं आणि हळूच म्हणाली, "अम्मा, माझ्या वर्गातली पोरं पण गणितात नापास होतात." मला हसू आलं आणि रडूही. नवरा मशीनवर होता. त्यानं मशीन थांबवलं आणि एवढंच विचारलं, "सर काय म्हणतात ते विचारलंस का?"

मी दुसऱ्याच दिवशी सरांना गाठलं. प्रॅक्टिकल संपलं होतं, लॅब रिकामी होती.

"सर, तुम्ही सांगितलंत त्याहून जास्त वेळ दिला मी. मग असं का?"

"बसा ताई," सर म्हणाले. "नाही, बसू नका. हा खडू घ्या." त्यांनी मला एक साधं गणित सांगितलं. उतारावर एक वजन, त्याला बांधलेली दोरी कप्पीवरून पलीकडे, आणि पलीकडच्या टोकाला लटकलेलं दुसरं वजन. वजनं सोडली तर वेग कसा वाढेल? "हे बघितलंय का?"

"हो सर, पुस्तकात आहे. तीनदा वाचलंय."

"मग सोडवा."

मी उतार काढला. कप्पी काढली. दोन्ही वजनं काढली, छान चौकोनी. आणि हात थांबला.

"पुढं?"

"समीकरण लिहायचं."

"कुणाचं?"

मला त्या प्रश्नाचा अर्थच कळला नाही. सरांनी घाई केली नाही, उत्तरही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तुम्ही हे तीनदा वाचलंय. सोडवलं कितीदा?"

"एकदाही नाही."

"वाचताना सगळा विचार पुस्तक करत असतं ताई. आपण फक्त मान हलवतो. आणि मान हलली की वाटतं, समजलं." ते खुर्ची ओढून बसले. "आता घरी गेलात की पुस्तक उघडायचं नाही. आज वर्गात काय झालं ते आधी कोऱ्या जागेवर लिहायचं, आठवेल तेवढं. जिथं अडेल तेवढंच पुस्तकात बघायचं आणि पुन्हा झाकायचं. मग गणितं घ्यायची. आधी चित्र, मग कुठली वस्तू धरलीय आणि तिच्यावर कोण कोण जोर लावतंय ते, मग समीकरण. उत्तर बघायचं नाही. अडकलात तर अडकून राहायचं."

"नुसतं अडकून काय होणार सर? वेळ जाणार."

"सगळ्यांना तसंच वाटतं, अडकलो तो वेळ वाया गेला. उलट आहे. तोच वेळ कामाचा. आपण अडकतो तेव्हा डोकं इकडून तिकडून वाट काढून बघत असतं. मी सांगितलेले दोन तास हे असे तास होते. भाकरी करतानाचे नव्हेत."

भाकरीचं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. माझ्या पुस्तकावर पिठाची बोटं उमटलेली होती, तीच दिसली असणार.

घरी येताना मी विचार करत होते, कोरी जागा कुठून आणायची? वही उघडली की मला सवयीनं नीटनेटकं लिहायचा मोह व्हायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले, पुढच्या खोलीत दिवा लावला आणि समोर ते टेबल दिसलं. कारागीर नऊला येतात. तोपर्यंत ते मोकळंच पडलेलं असतं. कापडावर खुणा करायचा चपटा खडू त्याच्यावरच होता. मी तो उचलला आणि टेबलाच्या लाकडावर आदल्या दिवशीचा तास आठवून लिहायला लागले. चार ओळी आल्या. पाचवी येईना. अख्ख्या तासातून माझ्या डोक्यात चार ओळी उरल्या होत्या! मी पुस्तकात डोकावले, झाकलं, पुन्हा लिहिलं. चुकलं की तळहातानं पुसायचं. नीटनेटकेपणाचा प्रश्नच नव्हता.

सासूबाई उठून आल्या. टेबलभर त्रिकोण, बाण आणि अक्षरं बघून त्यांनी तेलुगूत विचारलं, "कसलं कटिंग आहे हे? कुठल्या शाळेचं?"

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. आधी जेवढ्या वेळात मी एक प्रकरण संपवायची, तेवढ्यात आता एक पान होत नव्हतं. वर्ग पुढं पळत होता आणि मी एका कप्पीपाशी उभी होते. ते सरांचं गणित मी रोज पहिलं घ्यायची आणि रोज पुसायची. पुस्तकात उत्तर होतंच, हात लांबवला की मिळालं असतं. मी ते पुस्तक आतल्या खोलीत ठेवून यायची.

एका सकाळी सहज म्हणून मी दोन वजनांच्या मधली दोरी बोटानं झाकली. आता डावीकडे लटकलेलं वजन एकटं राहिलं. याला कोण ओढतंय? खाली पृथ्वी, वर दोरी. मग ते झाकलं आणि उतारावरचं बघितलं. याला कोण ओढतंय? आणि सरांनी विचारलेला "कुणाचं?" हा प्रश्न एकदम डोक्यात शिरला. समीकरण दोघांचं मिळून नव्हतं. एकेकाचं होतं! प्रत्येकाचं वेगळं लिहायचं. दोरी एकच म्हणून ओढ सारखी, दोरी ताणलेली म्हणून वेगातली वाढ सारखी. दोन समीकरणं झाली, दोनच गोष्टी माहीत नव्हत्या, सुटलं. आतून पुस्तक आणून उत्तर ताडून बघितलं. जसंच्या तसं!

मी ओरडले असणार, कारण नवरा तोंडात ब्रश तसाच ठेवून बाहेर आला. मी त्याला उभं करून सगळं समजावलं. त्यानं चूळ भरून येऊन विचारलं, "आणि लटकलेलं वजन काढूनच टाकलं तर?"

मी टेबलावरच्या उत्तरात त्या वजनाच्या जागी शून्य घातलं. वेगातली वाढ उलट्या दिशेनं आली. म्हणजे उतारावरचं वजन आपलं एकटंच खाली घसरणार. तसंच व्हायला पाहिजे होतं! माझं उत्तर मला सांगत होतं की ते बरोबर आहे. तेव्हापासून कुठलंही उत्तर आलं की मी ते असं टोकाला नेऊन बघते. एखादी गोष्ट शून्य केली तर? खूप मोठी केली तर? ते वेडंवाकडं बोललं की समजायचं, कुठंतरी चुकलंय.

दुसऱ्या सेमिस्टरमध्ये मला जोडीदारीण मिळाली. मोहोळहून रोज एसटीनं येणारी, माझ्या निम्म्या वयाची, शेतकऱ्याची मुलगी. तिचंही मेकॅनिक्स राहिलं होतं. तिची बस लवकर पोचायची आणि परतीची बस उशिरा असायची, त्यामुळे दुपारी ती रिकाम्या वर्गात बसून असायची. एकदा मी तिथं राहिलेला डबा न्यायला गेले, तर ती पुस्तक वाचत मान हलवत होती. ती मान मला चांगलीच ओळखीची होती.

"काय वाचतेस?"

"कोनीय संवेग, फिरत्या वस्तूंचा. समजलंय की, ताई."

"मग मला शिकव," म्हणत मी तिच्या हातात खडू दिला.

ती पाच मिनिटांत थांबली आणि फळ्याकडे बघत म्हणाली, "आवं, हे तर मला कायच येत न्हाय!" त्यावर आम्ही दोघी जे हसलो!

त्या दिवसापासून दुपारचा एक तास आमचा. एकीनं फळ्यावर शिकवायचं, दुसरीनं बाकावर बसून विचारायचं. ती फार चिवट विचारायची. "पण का ताई? असंच का? उलटं झालं तर काय व्हईल?" माझ्या तोंडून "तसंच असतं" असं गेलं की ती टाळी वाजवायची आणि मला सगळं पहिल्यापासून सुरू करायला लागायचं. दोघी मराठी माध्यमातल्या, पुस्तक इंग्रजी. आधी मराठीत बोलायचं, मराठीत भांडायचं, पटलं की मग इंग्रजीत लिहायचं, हे आमचं ठरून गेलं. घरी आले की मी तेच सासूबाईंना तेलुगूत सांगायची. शेंगा सोलता सोलता त्या ऐकायच्या आणि मीच त्यांना विचारायची, "अर्थमैंदा?" म्हणजे समजलं का? त्या न चुकता म्हणायच्या, "अर्थं काले." नाही समजलं. मग मी आणखी सोपं करून सांगायची. त्यांना फिजिक्स यायला लागलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या दिवशी त्या म्हणाल्या, "म्हणजे पाय जवळ घेतले की गिरकी वाढते, असंच ना?" त्या दिवशी मला खात्री पटली की कोनीय संवेग मला येतोय.

पाण्याच्या दिवशी अभ्यास बुडायचा, त्याची मला फार चिडचिड व्हायची. मग मी एकच गणित आदल्या दिवशी वाचून डोक्यात घेऊन ठेवायला लागले. पिंपं भरताना ते आत फिरत राहायचं. टेबलापाशी जे सुटलं नाही, ते कितीदा तरी तिथं नळापाशी सुटलं. वेळ मोजायची माझी जुनी पद्धत हळूहळू सुटत गेली. एखाद्या दिवशी अर्ध्या तासात काम व्हायचं, एखादं गणित आठवडा खायचं. एवढं मात्र कळलं की वर्ग झाला त्याच दिवशी अर्धा तास आठवून लिहिलं, तर पुढचे कितीतरी तास वाचतात. आणि आठवडा तसाच जाऊ दिला तर पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. सरांचा एकास दोन हा हिशेब ढोबळमानानं बरोबर होता. अवघड प्रकरणांना तो कमीच पडायचा.

मेकॅनिक्सचा पुन्हा द्यायचा पेपर ऐन उन्हाळ्यात आला. सोलापूरचा उन्हाळा; वर्गातला पंखा गरम हवाच फिरवत होता आणि उत्तरपत्रिकेला घामाचा हात चिकटत होता. तिसऱ्या प्रश्नावर मी थांबले. भरीव गोळा, पोकळ गोळा आणि कडं एकाच उतारावरून एकदम सोडलं तर कोण आधी पोचेल? सिद्ध करा.

मला त्यातलं काही पाठ नव्हतं. मी उतार काढला. एकच वस्तू घेतली, तिला नाव दिलं नाही. तिला कोण कोण ओढतंय ते बाणांनी दाखवलं. सरकण्याचं एक समीकरण, फिरण्याचं एक. दोन्ही मिळवली. उत्तरात वस्तूचं वजनही उरलं नाही, आकारमानही उरलं नाही. उरलं ते फक्त तिचं वजन मध्याच्या जवळ आहे की लांब. मग तिघांचे आकडे घातले. आधी भरीव गोळा, मग पोकळ, शेवटी कडं. मला हे उत्तर कुणी सांगितलं नव्हतं. मी ते त्या बाकावर बसून, घाम पुसत, स्वतः काढलं होतं. उरलेला पेपर कसा गेला ते आठवतही नाही, इतका पटापट गेला. बाहेर आले तर मोहोळची मुलगी जिन्यात उभी होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कडं शेवटी?"

"कडं शेवटी!"

जिन्यातली पोरं बघत राहिली, आम्ही इतक्या जोरात टाळ्या दिल्या. त्या पेपरात दोघींनाही वर्गातल्या बहुतेकांपेक्षा जास्त गुण मिळाले.

दुसऱ्या वर्षीच्या प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. वयस्कर, कडक, चष्मा नाकाच्या टोकावर. मी प्रयोगशाळेत शिरले तशी ते म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबायचं."

"मी परीक्षेला आलेय सर."

त्यांनी माझा बैठक क्रमांक बघितला, मला बघितलं, पुन्हा क्रमांक बघितला. "असं," म्हणाले.

मला न्यूटनची वलयं आली. सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवून वरून पिवळा प्रकाश टाकायचा; सूक्ष्मदर्शकातून बघितलं की काळी-पिवळी वलयं दिसतात, एकात एक, आणि मधोमध काळा ठिपका. मी मापं घेतली, आलेख काढला. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मधला ठिपका काळा का?"

"सर, भिंगाच्या खालच्या बाजूनं एक किरण परत येतो, काचेच्या वरच्या बाजूनं दुसरा. मध्यभागी दोघांच्या वाटेत फरक नाही. पण दुसरा हवेतून येऊन काचेवर आपटतो, म्हणजे घट्ट माध्यमावर, म्हणून तो उलटा होऊन परत येतो. सरळ आणि उलटा एकमेकांना पुसतात. म्हणून काळा."

"पाठ केलंय?"

"नाही सर."

"बरं," ते म्हणाले आणि टेबलाला टेकले. "हवेच्या जागी मी तेल भरलं. तेल भिंगाच्या काचेपेक्षा घट्ट, पण खालची काच तेलापेक्षाही घट्ट. आता ठिपका कसा?"

हे मी कुठंही वाचलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा हात थांबलेला मला दिसला. पूर्वीची मी असते तर 'सिलॅबसमध्ये नाही सर' म्हणाले असते. आता मात्र मला आतून बरं वाटत होतं. अडकून राहण्याची मला सवय झाली होती.

"सर, मोठ्यानं विचार केला तर चालेल?"

"करा की."

मी रफ पानावर चित्र काढलं. "पहिला किरण भिंगातून येऊन तेलावर आपटतो. तेल घट्ट, म्हणजे आता हाही उलटा होणार. दुसरा तेलातून येऊन काचेवर आपटतो. काच आणखी घट्ट, तोही उलटा." मी थांबले. दोन्ही बाण उलटे दिसत होते. "दोघेही उलटे सर. म्हणजे दोघांचं एकमेकांशी भांडणच नाही. ठिपका पिवळा होणार. लख्ख!" मग मला आणखी सुचलं. "आणि वलयंही जवळजवळ येतील सर. तेलात प्रकाशाच्या लहरींची लांबी कमी होते, म्हणून."

"ते मी विचारलं नव्हतं," परीक्षक म्हणाले. चष्मा काढून त्यांनी रुमालानं पुसला. "काय करता तुम्ही? म्हणजे घरी?"

"गणवेश शिवतो आम्ही. आणि शिकवण्या घेते."

"शिकवण्या सोडू नका," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. आमचे सर दाराशी उभे होते. त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू उत्तर त्यांनीच दिलंय.

घरी जाताना मी रिक्षा केली नाही. भर दुपारी चालत निघाले. वाटेत एका टपरीवर उसाचा रस घेतला, तो संपल्यावर आणखी एक घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच, न शिकलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं होतं.

तिसरं वर्ष सगळ्यात अवघड गेलं. क्वांटम मेकॅनिक्समध्ये चित्रच काढता येईना, आणि आमचा सगळा अभ्यास चित्रापासून सुरू व्हायचा. दोघींनी महिनाभर डोकं आपटलं. मोहोळची मुलगी एकदा फळ्यासमोर चक्क मांडी घालून बसली. "ताई, हा कण एकाच वेळी हितं बी हाय आणि तितं बी हाय म्हणत्यात. मग मी बी एकाच वेळी मोहोळात आणि सोलापुरात असायला काय हरकत हाय? बसचा तरास वाचंल." सरांना विचारलं तर ते म्हणाले, "इथं चित्र मागून येतं. आधी गणितावर विश्वास ठेवून चाला." आम्ही चाललो. गणितं सोडवत गेलो, उत्तरं टोकाला नेऊन बघत गेलो, आणि दिवाळीनंतर कधीतरी त्या लहरींचे आकार आपोआप डोळ्यांपुढं उभे राहायला लागले. त्या शेवटच्या महिन्यांत सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. पहाटे टेबलाच्या एका टोकाला ती बसायची, दुसऱ्या टोकाला मी. मध्ये खडूची रेघ. हद्द ओलांडायची नाही.

शेवटचा निकाल लागला. कॉलेजात फिजिक्सला मोहोळची मुलगी पहिली आणि मी दुसरी. फरक इतका थोडा होता की ती फोनवर म्हणाली, "ताई, वाईट वाटतंय का वो?" मी म्हणाले, "तुला फळ्यावर उभं मी केलंय. मला कसलं वाईट वाटतंय?" आणि ते खरंच होतं. त्या दिवशी मला कुणाहीपेक्षा कमी असल्यासारखं वाटत नव्हतं.

रविवारी ती आई-वडिलांना घेऊन आमच्याकडे आली. पिशवीभर शेंगा आणल्या होत्या. सासूबाईंनी कडक भाकरी, दही, चटणी असा बेत केला. कारखाना बंद होता, म्हणून टेबल पुसून त्यावरच पंगत मांडली. तिची आई माझ्याकडे सारखी बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "एवढा संसार सांभाळून तुमी कसं केलंत वो?"

माझ्याआधी सासूबाईच मोडक्या मराठीत म्हणाल्या, "रोज मला शिकवत होती. मी पण बीएस्सीच की आता!" सगळे हसले. त्या मात्र अगदी गंभीर होत्या. जेवणं झाल्यावर त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक दारात स्वतः पेढे नेऊन दिले आणि प्रत्येक दारात तेलुगूत सांगितलं की सून पास झाली. "कशात?" विचारलं की म्हणायच्या, "सगळ्यात अवघड असतं ना, त्यात."

आम्हा दोघींना एमएस्सीला प्रवेश मिळाला. विद्यापीठ शहराबाहेर, पुणे रस्त्यावर. तिला जवळ पडतं, मला लांब. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मॅडमनी जे शिकवलं, त्यातलं आम्हाला एक अक्षर कळलं नाही. तास संपला, वर्ग रिकामा झाला. आम्ही दोघी बसूनच होतो.

"कायच न्हाय कळालं," ती म्हणाली.

"मलापण नाही."

ती हसायला लागली. तिला बघून मीही. बाहेर माळावर वारा सुटला होता, डब्यात भाकरी होती आणि अख्खी दुपार आमच्या हातात होती. मी उठून फळा पुसला आणि तिला म्हणाले, "चल, तू सुरू कर."